प्रोस्टेट घेऊन भोपाळला

भोपाळच्या मराठी मंडळींनी मला व्याख्यानाला बोलावलं तेव्हा विषय दिला ‘संयम’ आणि वेळ दिली दीड तास. मला त्या सुमारास दर पाऊण तासाने लघवीला जावं लागत होतं. नकार द्यायला हवा होता. पण बरखेड्यात राहणारा माझा मेहुणा विलास फोनवर म्हणाला, “भाऊजी, याच. इथे अरेरा कॉलनीत एक नामी वैद्य आहेत. गाठ वितळवतात म्हणे.”

वितळवतात या शब्दाला मी भुललो. नाशिकच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच प्रोस्टेट वाढलंय असं सांगून तपासण्या लिहून दिल्या होत्या. ती चिठ्ठी मी पुस्तकात खूण म्हणून वापरत होतो. तीस वर्षं मी गावोगावी बोलत आलोय की आयुर्वेद म्हणजे घरगुती काढे नव्हेत, ते शास्त्र आहे, आणि ऊठसूट चाकू उचलणाऱ्यांना आपण जाब विचारला पाहिजे. अशा माणसाने निमूट ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं? आणि ते सोडाच, भर भाषणात व्यासपीठावरून उतरून मोरीकडे जायचं? तसं ज्या दिवशी झालं त्या दिवशी आपलं बोलणं संपलं, असं मला मनापासून वाटत होतं.

नाशिकरोडहून सकाळची गाडी घ्या, संध्याकाळी भोपाळ येतं. माझ्यासारख्यांसाठी सूचना: खिडकीचा मोह सोडा. बर्थ नंबर एक किंवा एकाहत्तर मागा, दोन्ही दाराजवळ आणि खालचे. वास येतो, पण वेळेवर पोचता येतं. भुसावळला केळी घ्या, चहा टाळा. मी टाळला नाही आणि इटारसीपर्यंत अकरा वेळा उठलो. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलं, “तुमची कुणी दुसऱ्या डब्यात आहे का?” मी हो म्हणालो. खोटं बोलणं सोपं होतं.

स्टेशनवर विलास आला होता. हा मोठ्या कारखान्यातून टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेला, मूळचा सातारचा, आता हिंदीत शिंकतो. रिक्षावाल्याने तीनशे मागितले, विलासने भांडून दोनशेवर आणले. बरखेड्याची वसाहत मला आवडली. रुंद रस्ते, जुनी झाडं, एकसारखी क्वार्टर्स. सार्वजनिक मुतारी मात्र अख्ख्या रस्त्यात एकच दिसली आणि तिला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी. इथे पोह्यांवर शेव आणि बडीशेप असते आणि जिलेबी त्याच प्लेटमध्ये टेकवतात. आपल्याकडे कुणी असं दिलं तर मी त्याच्याविरुद्ध सभा घेईन, इथे मी दोन प्लेट खाल्ल्या. तीस रुपये प्लेट. मिठाचा सुलेमानी चहाही प्यायलो, आणि त्यानंतर अरेरा कॉलनीपर्यंतचा पाऊण तासाचा प्रवास तीन ठिकाणी थांबत केला: एक पेट्रोल पंप, एक बँक आणि एक लग्नाचं कार्यालय.

“नामी वैद्य” म्हणजे पंचावन्नच्या एक बाई निघाल्या. शुभांगीताई, उज्जैनच्या मराठी घरातल्या. विलासने हे मला सांगितलं नव्हतं. स्त्री-पुरुष समतेवर मी केलेली भाषणं मोजता येणार नाहीत, पण त्या खुर्चीत बसल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: “थोडा… गॅसचा त्रास आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “दादा, गॅससाठी कोणी नाशिकहून येत नाही. रात्री किती वेळा उठता?”

“पाचदा.”

“धार?”

“म्हणजे?”

“धार कशी आहे? सरळ येते की थेंब थेंब? शेवटी वाटतं का, की अजून बाकी आहे?”

मी विलासकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये गुंतला होता. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं.

“याला वाताष्ठीला म्हणतात,” त्या म्हणाल्या. “अष्ठीला मतलब गोल गुळगुळीत दगड. तशी गाठ मूत्राच्या रस्त्यात बसते. खाली जाणारा वायू अडतो, आणि मग सगळंच अडतं. वयाने होतंच. पण जुने वैद्य अशा अडथळ्यांच्या कारणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. वेग, म्हणजे आलेली लघवी, धरून ठेवणं. तुम्ही करता काय?”

“व्याख्यानं देतो.”

“किती वेळ?”

“दीड तास. दोनही होतात.”

“तीस वर्षं? बिल्कुल न उठता?”

मी मान डोलावली. खरं सांगतो, जरा अभिमानानेच.

“शाबास,” त्या म्हणाल्या. “लोकांना अक्कल दिलीत आणि स्वतःचं मूत्राशय खराब केलंत.”

मी मूळ मुद्द्यावर आलो. गाठ वितळेल ना? त्या हसल्या. गोखरू, वरुणाची साल, पुनर्नवा ही औषधं त्या देतात. कोमट पाण्याच्या टबात बसवतात. रात्रीचं जेवण सातच्या आत, पाणी दिवसा, चहा एकच कप. काहींना पुष्कळ आराम पडतो. “पण वितळते असं मी कोणाला म्हटलेलं नाही. ते तुमच्या मेहुण्यांनी म्हटलं. आधी सोनोग्राफी आणि रक्ताची जांच. रिपोर्टशिवाय मी पुडीही देत नाही.”

“मी तुमच्याकडे आलो ते हे सगळं टाळायला.”

“मग चुकीच्या दारात आलात. गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे माझ्या बोटांना नाडीत कळत नाही.”

सोनोग्राफीच्या दुकानात बाकावर पाच पुरुष, पाचांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. तिथे हुकूम असा की भरपूर प्या आणि धरून ठेवा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी रिपोर्ट वाचले. रक्ताचा आकडा ठीक होता, कॅन्सरचा संशय नव्हता. दुसऱ्या आकड्यावर मात्र त्यांचं बोट थांबलं. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरंच पाणी उरत होतं.

“हे मागे किडनीवर दाब टाकतं,” त्या म्हणाल्या. “मी काढा दिला तर तुम्ही सहा महिने तो पीत बसाल आणि तोवर किडनी जाईल. घरी पोचल्यावर आठ दिवसांत यूरोलॉजिस्ट. मध्ये लघवी पूर्ण अडली तर त्याच घडीला दवाखाना.”

मी म्हणालो, “ताई, म्हणजे शेवटी चाकूच.”

“चाकूला इतकं परकं का समजता? आपले जुने वैद्य मूत्राशयातला खडा कापून काढत होते. त्यांनी आधी हे ठरवलं की कुठला रोग औषधाचा आणि कुठला शस्त्राचा. तुम्ही आयुर्वेदावर बोलता ना? मग पूर्ण बोला.”

मी रिपोर्ट घडी करून खिशात ठेवले. फी त्यांनी घेतली फक्त पहिल्या दिवसाची.

संध्याकाळी बरखेड्याच्या सभागृहात दोनशे माणसं. पहिल्या तीन रांगा निवृत्त इंजिनिअर, कारकून, मास्तर, म्हणजे पिकली डोकी. मी संयमावर सुरू झालो आणि पस्तिसाव्या मिनिटाला माझा संयम संपला. एरवी मी टेबलाची कड घट्ट धरून आवाज चढवला असता. लोकांना तो आवेश वाटायचा. टाळ्या पडायच्या. त्या दिवशी मी कड सोडली आणि म्हणालो, “मंडळी, मला लघवीला जायचंय. माझं प्रोस्टेट वाढलंय. पाच मिनिटं द्या.”

मी पायऱ्या उतरलो, मधल्या वाटेने चालत गेलो. इतका लांब रस्ता मी आयुष्यात चाललो नाही.

मुतारीतून बाहेर आलो तर दारात रांग होती. मोजली नाही, पण पहिल्या तीन रांगा जवळजवळ तिथेच उभ्या होत्या. एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “सर, पुढच्या वेळी पंचविसाव्या मिनिटाला थांबा.”

पुन्हा सुरू झालं ते व्याख्यान नव्हतंच. मागून एक बाई उभ्या राहिल्या. “आमचे हे दोन वर्षं कोणाच्या लग्नाला येत नाहीत. मला वाटलं, माझ्या माहेरच्यांवर राग आहे.” त्यांचे ‘हे’ शेजारी मान खाली घालून बसले होते. शुभांगीताईंना मी ऐकायला बोलावलं होतं. त्यांनी उरलेला वेळ घेतला, आणि माझ्यापेक्षा चांगल्या बोलल्या.

घरी येऊन आता दोन महिने झाले. यूरोलॉजिस्टने महिनाभर गोळी देऊन पाहिली. उरणारं पाणी कमी होईना. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं आहे. ताईंचं सातच्या आतलं जेवण आणि एकच चहा चालू आहे. रात्री पाचाऐवजी तीनदा उठतो. तीसुद्धा मोठी चैन आहे. भोपाळचा तलाव पाहिला तो रिक्षातून, फार सुंदर होता.

परवा एका संस्थेच्या चिटणीसांना फोन करून व्याख्यान रद्द केलं. ते म्हणाले, “‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं छापतो.”

“नको. प्रोस्टेटचं ऑपरेशन आहे, तसंच छापा.”

मग पलीकडे खुर्ची सरकली, दार लागल्याचा आवाज आला, आणि अगदी हळू विचारणा झाली, “सर… डॉक्टरांचा नंबर मिळेल का?”

“देतो,” मी म्हणालो. “आधी ते दार उघडा.”