वजडीवरच्या सभ्य कॉमेंट्स

"मोठ्यानं वाच," मॅडम म्हणाल्या. "मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

पडद्यावर माझा लेख होता. त्याखाली कॉमेंट्स. मी नववीत होते, कोल्हापुरातल्या एका नावाजलेल्या शाळेत. आमच्या वर्गाचा ब्लॉग होता. शनिवारी मॅडम प्रोजेक्टर लावायच्या. जिचा लेख, तिनं उभं राहून त्यावरच्या कॉमेंट्स वाचायच्या आणि प्रत्येकीनंतर धन्यवाद म्हणायचं, अशी रीत होती.

मी वाचलं. "'छान लिहिले आहे. वर्णन इतके जिवंत की वाचताना पोटात ढवळले.'"

वर्ग फिसकन हसला. मी म्हणाले, "धन्यवाद."

"'प्रामाणिक लेखन. सूचना: तुमच्यात हे चालत असेल, पण शाळेच्या ब्लॉगवर असे पदार्थ टाळावेत.'"

"धन्यवाद."

पुढची वर्गातल्याच एका मुलीच्या आईची होती. "'लेखिकेचे कौतुक. फक्त एक काळजी वाटते. ज्या हातांनी ही आतडी धुतली जातात, त्याच हातांचा डबा मधल्या सुट्टीत आमच्या मुली खातात. मॅडमनी लक्ष घालावे, ही नम्र विनंती.'"

मी तशीच खाली बसू लागले.

"आभार मान," मॅडम म्हणाल्या.

मानले.

आज हे लिहितानाही तोंडाला घाण चव येते. त्या बाईच्या शब्दांनी येते, आणि माझ्या त्या धन्यवादानं तर जास्तच.

विषय मॅडमनीच दिला होता, 'आमच्या घरची खास चव'. मी आईच्या वजडीवर लिहिलं. वजडी म्हणजे बोकडाचं पोट आणि आतडी. कसबा बावड्यात आमच्या घरी रविवारी तीच शिजायची. आई ती उलटी करून मीठ चोळायची, गरम पाण्यानं घासत बसायची, पांढरी होईपर्यंत. मग कांदा, खोबरं, चटणी. रश्शाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. बाकीच्या मुलींनी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा लिहिला. त्यांचा बोकडही त्याच दुकानातला. त्यांनी मटण नेलं, आम्ही आतडी. पण आम्ही बौद्ध. म्हणून ते 'तुमच्यात'. या एका शब्दात आडनाव येतं, वस्ती येते, सगळं येतं, आणि तोंडानं जात काढावी लागत नाही.

ब्लॉगचे नियम फळ्याशेजारी चिकटवले होते. शिवी नको. टिंगल नको. खरं नाव लिहा. आधी कौतुक, मग सूचना, शेवटी आभार. शिवाय कॉमेंट थेट दिसायची नाही. आधी मॅडमच्या फोनवर जायची, त्यांनी मंजूर केली तरच सगळ्यांना दिसायची. आम्ही मुली सुरक्षित राहाव्यात म्हणून.

मधल्या सुट्टीत डब्यांचा गोल बसला. रोज माझ्या भाकरीवर तुटून पडणाऱ्या त्याच मुली. त्या दिवशी माझ्या डब्यात एकही हात आला नाही. कुणी वाईट बोललं नाही. सगळ्या फार सभ्य होत्या.

घरी आईनं डबा उघडला. भाकरी तशीच. मग मला सगळं सांगावं लागलं.

"आनि तू काय म्हणलीस?" आईनं विचारलं.

"धन्यवाद."

"माझ्या हाताला घाण म्हणल्या, आनि तू त्यास्नी धन्यवाद म्हणलीस?"

"तसा नियम हाय."

"कुनाचा?"

आईनं तीच भाकरी तव्यावर गरम करून माझ्या पुढ्यात ठेवली. "खा. अन्नावर राग काढू नगंस," म्हणाली आणि पाठ करून बसली. डोळे दिसू नयेत म्हणून. मला शरम वाटली. शरमेच्या मागून किळस आली. वजडीची नाही.

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. ती कॉमेंट मॅडमनी वाचली होती. आधी वाचली, मग मंजूर केली, मग मला उभं केलं.

पुढच्या शनिवारी आणखी कॉमेंट्स आल्या होत्या. मॅडमनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले.

"मी वाचणार न्हाय. आनि आभारबी मानणार न्हाय."

शाळेत मी कधी असं बोलत नसे. घरची बोली घरी ठेवून यायचे. त्या दिवशी ठेवली नाही.

"का बरं?"

"माझ्या आईच्या हाताबद्दल लिवलं, ते तुम्ही वाचून सोडलं व्हय?"

"हो. भाषा सभ्य होती," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, रागही नव्हता. शिवी असती तर त्यांनी अडवली असती. इथं अडवण्यासारखं त्यांना काही दिसलंच नव्हतं. मला त्यांची किळस आली, आणि ती आजही गेलेली नाही.

तास संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. वजडी काढ, तांबडा-पांढरा घाल, लेख राहील, म्हणाल्या. मी म्हटलं, "वजडीच राहील. न्हायतर माझं नावबी काढा." त्यांनी लेखच काढला. त्या बाईला कुणी काही विचारलं नाही. उद्धट मी ठरले, दहावी होऊन शाळा सुटेपर्यंत. डबा एकटीनं खाल्ला. रविवारची वजडी उरली की सोमवारी मुद्दाम नेली आणि झाकण सताड उघडं ठेवून खाल्ली.

आता मी गारगोटीच्या एका शाळेत शिकवते. माझ्या वर्गाचाही ब्लॉग आहे. कॉमेंट्स आधी माझ्या फोनवर येतात. मध्यंतरी एका मुलीनं बापाच्या हलगीवर लेख लिहिला. खाली कॉमेंट आली, 'सुरेख लेख. वाजवणाऱ्याच्या मुलीला पुढच्या बाकावर बसवता, हा शाळेचा मोठेपणा. धन्यवाद.'

मी ती मंजूर केली नाही. शाळेच्या समितीतल्या एकांचा फोन आला. "मॅडम, आमच्या पावण्यांची कॉमेंट का अडवली? शिवी न्हाय, काय न्हाय. भाषा सभ्य हाय की."

"व्हय," मी म्हणाले. "म्हणूनच सोडणार न्हाय."

वर तक्रार करतो, म्हणाले. करा म्हटलं. लेख आहे तिथंच आहे, हलगीसकट, बापाच्या नावासकट. त्या मुलीला मी असल्यांचे आभार मानायला उभं करणार नाही. नोकरी जात असेल तर जाऊ दे.