उजव्या सोंडेची पत्रिका

साठ सालाच्या आसपास मी पौडच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि माझं लग्न ठरलं होतं. या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वर्षी पुण्यात लाकूड कोरून छाप काढायचा वर्ग भरला. उद्घाटनाच्या भाषणांतून कलेने राष्ट्र कसं उभं राहतं ते कळलं. पटाशी कशी धरायची ते दुसऱ्या दिवशी. शिकवणारे गृहस्थ मोजकं बोलत. ते म्हणाले, हत्यारं तीनच घ्या. रेघेला टोकदार, खरवडायला अर्धगोल, कडेला सपाट. बाकी सगळं धार लावण्यावर. मी मान डोलावली आणि रविवार पेठेतून मखमली खणांची डझनभर पटाशांची पेटी घेऊन आलो. लग्न ठरलेल्या माणसाला दुकानात एकटं पाठवू नये.

त्यातल्या बहुतेक पटाशा लोण्यावर बऱ्या चालल्या असत्या. शेवटी मी छत्रीची एक काडी तापवून, घासून तिचंच हत्यार केलं. मुळशीच्या पावसात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. काडीला मुळातच पन्हळ असते. शिवणीच्या लाकडातून तिने असा नाजूक, सलग कीस निघायचा की मी भर वर्गात शीळ घालायचो. पोरं एकमेकांकडे बघायची.

त्याच तारेत ठरवलं, आपल्या लग्नपत्रिकेवरचा गणपती आपणच छापायचा. मजकूर छापखान्यातून आला, वरची जागा कोरी ठेवून. कोरलेल्या लाकडी ठोकळ्याला शाई लावून, वर पत्रिका ठेवून, पळीच्या पाठीने घासत मी निम्म्या पत्रिका काढल्या आणि सायकलवरून कासार आंबोलीला मुलीच्या घरी पोचवल्या.

दोनच दिवसांत तिचे वडील शाळेत आले. गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाले, "मास्तर, ह्यो उजव्या सोंडंचा हाय. ह्याचं सोवळं लई कडक. लोकांनी पत्रिका खुंटीला अडकवायची का पाटावर बसवायची?"

छाप उलटा उमटतो, हा वर्गातला पहिला धडा. पण घरोघरी पाहिलेला डाव्या सोंडेचा गणपती हातात इतका बसलेला, की मी ठोकळ्यावर तोच कोरला होता. आता त्यांच्या भावकीला त्यात अपशकुन दिसत होता. तारीख पुढे ढकलावी असं घाटत होतं; आणि पुढे म्हणजे चातुर्मास, म्हणजे थेट दिवाळीनंतर.

संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. छपाईचं शास्त्र समजावलं. भावकीतल्या एकाने विचारलं, पाव्हण्यांनी शिकवणीचे पैसे परत मागितले का? सगळे हसले, पण तारखेचं कुणी काढेना. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. मी तिला एकदाच पाहिलं होतं. आवाज ऐकलाच नव्हता.

"आबा, सोंड फिरवू द्या त्यास्नी. तारीख नगा फिरवू."

तिचे वडील आढ्याकडे बघू लागले. आत कुणीतरी बाई तोंडाला पदर लावून हसली. मी चहा पिऊन निघालो म्हणे. मला तो चहा आठवत नाही. सायकल पौड मागे टाकून पुढे गेली, हे चढ लागल्यावर लक्षात आलं.

नवा ठोकळा डोळ्यांनी बघितल्याशिवाय तारखेला हो म्हणणार नाही, असा तिच्या वडिलांचा निरोप होता. रविवारी तो पटक्यात गुंडाळून, शाई, पळी आणि उरलेल्या कोऱ्या पत्रिकांसकट नेला. त्यांनी सोडून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आवो, परत त्योच कोरलाय तुमी."

"मामा, जरा दम धरा," म्हणून मी शाई लावली, कागद ठेवला, घासला आणि एका कोपऱ्याने सोलून उचलला. सोंड डावीकडे. त्यांनी कागद बघितला, ठोकळा बघितला, परत कागद. मग माझ्या हातातली पळी घेतली.

उरलेल्या पत्रिका त्यांनीच काढल्या. मी फक्त शाई लावत होतो, तीही त्यांच्या मते जास्त होत होती. उजव्या सोंडेच्या पत्रिकांवर चिकटवायला वेगळे गणपतीही छापून झाले. दिवेलागणीला ते उठले तेव्हा कोपरापर्यंत काळे झाले होते. मी गठ्ठा बांधायला घेतला, तर त्यांनी हात धरला.

"वाळू द्या नीट," ते म्हणाले. "लगीन हाय ते ठरल्या दिशीच हाय. आज न्हाई."