टेपभाऊंचा फोन

टेपभाऊ काहीही पुसण्याआधी विचारायचे. बमरोलीच्या आमच्या साडी छापणाऱ्या मिलमध्ये रोजच्या कामाची राखीव प्रत जपणं हे त्यांचं काम. खोलीत एकही टेप उरली नव्हती, तरी नाव टेपभाऊच राहिलं. जुन्या टेपांच्या जागी डिस्कचं कपाट आलं होतं. पण मिलचं जुनं सॉफ्टवेअर टेपशिवाय दुसरं काही ओळखत नव्हतं, म्हणून ते कपाट त्याच्यापुढे टेप असल्याचं सोंग करायचं. भाऊंना ते मनापासून पटलं होतं. "जुन्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलावं, ताई," म्हणायचे.

कपाटातल्या या सोंगाच्या प्रत्येक टेपला मुदत असे. ती भरली की पुसून जागा मोकळी करायची. त्याआधी भाऊ त्या विभागाला फोन करत. डिझाइन विभागाची प्रमुख मी, तेव्हा फोन मला. "ताई, तुमच्या टेपची मुदत भरतेय. काही काढून ठेवायचंय?" नाही म्हटलं की "बरं", आणि फोन बंद.

काढून ठेवलेलं उघडून पाहिल्याशिवाय ते "झालं" म्हणत नसत. यंत्राने हिरवी खूण दाखवली तरी चष्मा पुसून फाईल उघडायचे. "खूण यंत्राची. बघायचं आपण." ऐन सीझनमध्ये मला त्याचा वैताग यायचा, आणि आम्ही सगळेच त्यांना हसायचो.

एकदा मी नाही म्हटलं, आणि पलीकडून "बरं" आलंच नाही. "नीट पाहिलंत ना, ताई?" भाऊ एकच गोष्ट दोनदा विचारत नसत. मी उठून त्यांच्या खोलीत गेले.

पडद्यावर केळफुलांची किनार होती, हाताने काढलेली. "हाऊ तिना हात शे," ते म्हणाले. ऑफिसात त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली. तिचा हात, म्हणजे त्यांच्या बायकोचा; ती माझ्याआधी माझ्याच टेबलावर डिझाइनं काढायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. मिलमध्ये जमा केलेले तिचे कागद वाळवीने खाल्ले. नवागामच्या घरी तिच्या हातचं काहीच नव्हतं. उरलं ते या टेपवरचं स्कॅन, आणि ती टेप आता पुसायची होती.

"मग तुम्हीच एक प्रत का नाही घेतली?"

"चावी माझ्याकडे आहे, ताई. माल माझा नाही."

"काढून ठेवायचंय," मी म्हटलं, "आणि घरासाठी एक छापून देते. विभागाची परवानगी आहे."

भाऊंनी किनार नव्या टेपवर घेतली, चष्मा पुसला, उघडून पाहिली. तिसऱ्या फुलाची पाकळी वाकडी होती. तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "पोरगी पोटात होती तेव्हा. लाथ मारली तिनं, रेघ हलली." मग सावकाश म्हणाले, "झालं."

निवृत्तीनंतर वर्षाच्या आतच भाऊ गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा नवऱ्याबायकोच्या फोटोंच्या मधोमध ती किनार चौकटीत लावलेली होती. मिलमध्ये आता फोन येत नाही. मुदत भरली की पडद्यावर एक ओळ येते. उत्तर दिलं नाही तर सगळं आपोआप पुसलं जातं. कोणाचं काय काय गेलं असेल, या विचाराने मला अजून राग येतो.

परवा केळफुलांच्या त्या टेपची ओळ आली. मी "ठेवा" दाबलं. हिरवी खूण उमटली. चष्मा पुसून मी फाईल उघडली. तिसऱ्या फुलाची पाकळी वाकडीच होती.

"झालं," मी म्हटलं.