शेतकरीण, नग एक

मुंबईच्या बंदराजवळ एक जुनं संग्रहालय आहे. गोऱ्या साहेबानं कोकणातली दळायची जाती, घाणे, होड्या उचलून तिथं मांडल्या. स्वातंत्र्यानंतर आपल्या साहेबांच्या लक्षात आलं की सामान भरपूर आहे, माणसंच नाहीत. मग पेणजवळच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात माणसांची ऑर्डर आली: कोळी एक, मिठागरवाला एक, शेतकरीण एक. धड लाकडाचं, डोकं आणि हात शाडूचे.

बाबांनी जन्मभर गणपती आणि गौरीच केलेल्या. शेतकरणीसाठी त्यांनी आईला समोर बसवलं आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता गौर करून मोकळे झाले. चाफेकळी नाक, गोबरे गाल, सगळं साग्रसंगीत.

"ही कोन बाई?" आई कडाडली. "इतकी वर्षं भाकरी वाढतेय, माजं तोंड ठाव नाय तुमाला?"

त्या दिवसापासून भाजीत मीठ पडेना. शेवटी बाबा मुकाट्यानं बघायला बसले. असे बघत राहिले की आई चक्क लाजली आणि आम्ही पोरं खिदळत बाहेर पळालो. या वेळी मात्र हुबेहूब आई उतरली: पुढचा अर्धा दात, गालावर देवीचे व्रण, आणि कायम कुणाला तरी झापायच्या बेतात असलेली भुवई.

साहेबांनी दोन्ही डोकी पाहिली आणि गौर उचलली. म्हणाले, "ही दुसरी म्हणजे कुणी एक विशिष्ट बाई वाटते. आम्हाला सर्वसाधारण शेतकरीण हवी." म्हणजे भातात राबणाऱ्या बायका चाफेकळी नाकाच्या असतात! मला त्या माणसाचा राग आला, अजून येतो. ती गौर काचेआड उभी आहे. लोक तिच्या पाया पडतात म्हणे.

आईचं डोकं आमच्या फळीवर राहिलं. सीझन तोंडावर आला आणि शाडू कमी पडला. आई म्हणाली, "भिजवा ते मुंडकं. दोन गणपती निघतील."

बाबांनी डोकं घमेल्यात ठेवलं, पाण्याचा तांब्या उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"नाय होत गो."

"अवो, दरसाल देव बुडतात, तवा काय वाटत नाय?"

"देव पुढच्या वर्षी परत येतो."

आईनं घमेल्यातलं डोकं उचललं आणि स्वतःच परत फळीवर ठेवलं. तिनं बाबांचं ऐकल्याचं माझ्या आठवणीत हे एकदाच.