आल्या माणसावर बोंबलणारं यंत्र

भुताखेतांच्या गोष्टी मी शेंगा सोलत ऐकतो आणि सगळ्यात आधी हसतो. म्हणून पुढचं वाचून तुम्ही हसलात तर तक्रार करायला मला तोंड नाही!

नव्वदीची सुरुवात. आदिलाबादला लागून मावला गावात आमचं घर. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. भाजीचं दुकान चालवणारे बाबा वारलेले, घरात आई आणि मी. तापात आईला वास यायचा बंद झाला होता — आणि त्याच वर्षी मी हौसेनं गॅस घेतला! एका दुपारी आलो तर शेगडीचं बटण उघडं, आई शेजारी खुशाल भेंडी चिरत बसलेली...

म्हणून गॅस ओळखणारं यंत्र करायला घेतलं. कथिलाच्या क्लोराइडात अमोनिया घालायचा, खाली बसलेला पांढरा गाळ धुवायचा, भट्टीत भाजायचा. उरते ती कथिलाच्या ऑक्साइडची भुकटी. आज तिला रुबाबात नॅनो म्हणतात, आम्ही 'लई बारीक' म्हणायचो. पहिला गाळ मी आईच्या लोणच्याच्या बरणीत केला. बरणी गेली, त्या दिवशीचं जेवणही गेलं. शेवटी भुकटीचा लेप एका नळीवर बसला. आत तापणारी तार, गॅस लागला की बझर.

गॅसवर झकास वाजलं. पण रोज दिवेलागणीला, शेगडी बंद असतानाही वाजायचं. सिलिंडर अंगणात नेऊन ठेवला... तरी वाजलं!

आई शांतपणे म्हणाली, "थे आले."

"कोण?"

"तुये बाबा. याच टायमाले येत ना दुकान बंद करून. थोडीशी घेऊन."

बाबा मोहाची घेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक, पण कुणी बोलत नसे. आणि माझी भुकटी दारूच्या वाफेलाही वाजते, हे आईला मी कधीच सांगितलं नव्हतं. शेजारी दोन्हीकडे माळकरी!

खरी पंचाईत पुढंच. आई ऐन स्वयंपाकाच्या वेळी यंत्राची पिन काढून ठेवू लागली.

"काऊन बंद केलं? गॅस सुटला तर मरशील ना!"

"आल्या माणसावर बोंबलते तुयं यंत्र. दमून येते माणूस."

भुताशी भांडता येईल, आईशी कसं भांडणार? मी दुसरं यंत्र केलं, तोंडावर कोळशाची गाळणी बसवून. कोळसा दारूची वाफ धरून ठेवतो, गॅस जाऊ देतो. कॉलेजात नेऊन मोहाच्या बाटलीवर धरलं — गप्प. घरी शेगडीवर — बोंब. जिंकलो!

जुनं काढून हे लावलं. त्या संध्याकाळी घर चिडीचूप. आई उंबऱ्याशी बसून राहिली. "आज नाई आले," एवढंच म्हणाली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग मी मुकाट्यानं नवं यंत्र शेगडीपाशी ठेवलं आणि जुनं दाराजवळ लावलं. दिवे लागले... दाराजवळचा बझर वाजला. शेगडीजवळचा गप्प. म्हणजे गॅस नव्हताच; दारूची वाफ होती, दारू नसलेल्या घरात. आई पदर सावरत म्हणाली, "आज जास्त झाली वाटते. बसा, भाकर टाकतो."

फिजिक्सच्या लेक्चररनं पाट सरकवला.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. जुनं यंत्र अजून तापतं, बाटली जवळ नेली की ओरडतं. बिघाड नाही, पुन्हापुन्हा तपासलंय. पण आई गेल्यापासून दिवेलागणीला ते एकदाही वाजलेलं नाही. तेव्हा का वाजायचं, याचं उत्तर मला कधीच सापडलं नाही. आता का वाजत नाही, ते विचारायची हिंमत होत नाही.