सातवा पट्टा

निरोप आला तेव्हा मी आयर्लंडमध्ये, नावनच्या आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते. इथिओपियातून आलेला आवाजी निरोप होता, माझ्या जुन्या दुभाष्याचा. पीएच.डी.साठी ओमो नदीच्या काठी मुर्सी लोकांमध्ये मी दोन वर्षं राहिले, तेव्हा हा गृहस्थ जिथे तिथे माझ्याबरोबर असायचा. आता तो तिथल्याच आरोग्यकेंद्रात काम करतो आणि बाजाराच्या गावी आला, म्हणजे रेंजमध्ये आला, की मला निरोप पाठवतो. एरवी त्यात कोणाची गाय व्यायली आणि कोणाला ताप आहे एवढंच असतं. या वेळी त्याचं काम होतं.

एक समिती येणार होती. नदीकाठी पूर्वी कोण पेरत होतं ते विचारणार होती, आणि ज्यांचं पेरणं कागदावर दिसेल त्यांना नव्या कालव्याखालची जमीन मिळणार, असं तिकडे बोललं जात होतं. "आमच्या तोंडावर कोणी विश्वास ठेवत नाही," तो म्हणाला. "तू तेव्हा यादी केली होतीस, नावांसकट. बाहेरच्या माणसाने केलेली, त्या वेळची. ती पाठव. कोणाला काही न विचारता, होती तशी पाठव, नाहीतर म्हणतील आम्हीच सांगून लिहून घेतली. तुझी इथली आई रोज विचारते आहे. येत्या सोमवारी मी बाजाराला येईन, तेव्हा फोन कर."

पोहे खाली लागले. मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. ती यादी मीच नष्ट केली होती.

मुर्सी म्हटलं की लोक ओठातल्या मातीच्या चकत्यांबद्दल विचारतात. इथल्या पार्ट्यांमध्ये तर हमखास. मी चिडते. त्या चकत्यांपलीकडे ती माणसं गुरं राखतात, ज्वारी पिकवतात, आणि कितवा महिना चालू आहे यावर मनसोक्त भांडतात. हे मी गमतीने म्हणत नाही. त्यांच्याकडे महिने मोजायची पद्धतच अशी की एक म्हणणार पाचवा, दुसरा म्हणणार छे, सहावा लागला, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. नदीला पूर आला की निकाल लागायचा. पूर ओसरला की काठावर काळा गाळ राहायचा आणि त्या गाळात ज्वारी पेरायची. पावसाने दगा दिला तरी नदीचं पीक हाताशी असायचं. मग वर धरण झालं, आणि पूर यायचाच थांबला. शेजारच्या मोकळ्या रानात उसाचे मळे आले, गुरांना चरायची जागा आक्रसली. मी गेले ती हे सगळं अभ्यासायला. माणसांच्या पोटावर पाय येतो आणि आपल्याला त्यात एक प्रबंध दिसतो, हे तेव्हा मला खटकलं नव्हतं.

मी जिच्या अंगणात तंबू ठोकला होता, ती बाई तेव्हाच साठीची असेल. पहिल्याच आठवड्यात मला ताप भरला आणि तिने तीन दिवस मला ताक पाजलं. चौथ्या दिवसापासून मी तिला त्यांच्या भाषेत 'आई' म्हणायला लागले. तिला ते आवडलं. दुभाषा तिचा भाचा लागायचा, तोही तिला नात्यानेच हाक मारायचा. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमच्या घरातही मोठ्यांना नावाने हाक मारायची टाप नव्हती. मोठ्या काकूंचं नाव मला पाचवीत कळलं, तेही लग्नपत्रिकेवर वाचून.

एका सकाळी ती मला नदीवर घेऊन गेली. पूर न येऊन दोन वर्षं झाली होती आणि काठ कोरडा ठणठणीत पडला होता. हातातल्या काठीने ती एकेक पट्टा दाखवत चालली. हा अमक्याचा, त्याच्या बापाकडून आलेला. हा तमकीने भावाला पेरायला दिला, पण आहे तिचाच. तेरा पट्टे होते. सातव्यापाशी ती थांबली आणि काठी जमिनीत रोवून म्हणाली, "हा माझा. लिही."

मी लिहिलं.

"वाच."

मी तिचं नाव मोठ्याने वाचलं. तिने मान हलवली, आणि मला परत वाचायला लावलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कागदाची ताकद तिला माझ्यापेक्षा चांगली कळली होती. पर्यटकांच्या गाड्या यायच्या, त्या लोकांनी तिचे फोटो नेले तरी तिला फारसं काही वाटायचं नाही. नावाचं मात्र तिने मला बजावून सांगितलं. नदी परत येईल तेव्हा कोणीतरी म्हणेल इथे कोणीच नव्हतं, मग तू हे वाचून दाखव. मी म्हटलं, नक्की दाखवेन. अगदी मनापासून म्हटलं होतं.

डब्लिनला परत आल्यावर माझ्या गाइडबाईंनी पहिली गोष्ट विचारली ती नावांची. माहिती देणाऱ्यांची ओळख झाकली पाहिजे, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. नियम वाईट नाही. बोलणाऱ्यावर कोणी डूख धरू नये म्हणून तो केलेला आहे. मी पट्ट्यांच्या नकाशावरची नावं काढून आकडे घातले. पट्टा सात, वयस्क स्त्री. कोणत्या आकड्याचं कोण, हे सांगणारी एकच यादी उरली. तिचं काय करणार, असा प्रश्न फॉर्मवर होता आणि दोन चौकोन होते. एक, सीलबंद करून विद्यापीठाकडे ठेवणार. दोन, नष्ट करणार. पहिल्यासाठी आणखी एक फॉर्म भरायचा होता, दोन सह्या आणायच्या होत्या आणि कारण लिहायचं होतं. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

याच स्वयंपाकघरात, दुपारी, नवऱ्याने हॉस्पिटलच्या कागदांसाठी आणलेल्या श्रेडरमध्ये मी ती यादी घातली. नदीवरचं वहीचं पानसुद्धा. आवाजाच्या फायली आधीच पुसल्या होत्या. सुटले एकदाची, असं मी त्याला म्हणालेसुद्धा. नियम बारकाईने पाळला म्हणून व्हायव्हामध्ये माझं कौतुक झालं. पुढे त्याच जोरावर नोकरी लागली. आता मी आठवड्यातून चार दिवस बसने डब्लिनला जाते आणि दुसऱ्यांचे तसलेच फॉर्म तपासते. चौकोन रिकामा दिसला की परत पाठवते.

निरोप ऐकून दोन दिवस मी घर उलटंपालटं केलं. इथल्यासारखं कपाटाला आम्हीही आता प्रेसच म्हणतो, तर जिन्याखालच्या त्या प्रेसमध्ये दोन खोकी होती. त्यांत डायऱ्या निघाल्या. आई म्हणाली, आईने सांगितलं, आई रागावली. पानोपानी आई. नाव कुठेच नाही.

शनिवारी नवरा घरी होता. तो म्हणाला, "अगं, आठवून लिही ना. दोन वर्षं राहिलीस तिथे. चल, मी लिहून घेतो."

नकाशा समोर ठेवून आम्ही बसलो. मला वाटलं होतं जमणार नाही, पण डोळे मिटून नदीकाठ आठवला की माणसं आपोआप उभी राहत होती. पहिला पट्टा, करड्या बैलाचं गाणं म्हणणारा. दुसरा, त्याच्या मेव्हण्याचा. तिसरीने मला एकदा शिव्या घातल्या होत्या. नावं भराभर आली. मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला होता, खरं सांगते. बारा नावं झाली.

"सात नंबर राहिलाय," नवरा म्हणाला.

"ती आईची जागा."

"हो, पण तिचं नाव काय?"

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. तिचा चेहरा होता. टाचेवरची भेग होती, ताकाचा वास होता, काठी रोवल्याचा आवाजही होता. नाव नव्हतं. दोनदा मोठ्याने वाचलं होतं, त्यानंतर एकदाही उच्चारलं नव्हतं. बाकीच्या बाराजणांना मी नावाने हाक मारायचे. जिला मान दिला, तेवढीच विसरले.

"अगं, त्यात काय एवढं? सरळ विचार त्याला," नवरा म्हणाला. "इट्स ग्रँड. कोणालाही होतं."

"त्याने सांगितलंय कोणाला विचारू नकोस."

"मग बाकीची बारा तरी कुठे कागदावरून लिहिलीस?"

तो बरोबर होता, म्हणूनच मी त्याच्यावर भडकले. बारा नावं आठवून लिहिताना मला सोवळं आठवलं नव्हतं, एका नावापुरतं आठवलं. खरी गोष्ट अशी की मला विचारायची लाज वाटत होती. तुझ्या मावशीने मला लेक मानलं आणि मला तिचं नाव माहीत नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मी कोट चढवला आणि बाहेर पडले. आमच्या घरांच्या रांगेमागे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन आहे. तो कुंपणाशी काटेरी झुडपं छाटत होता. आमची ओळख हवापाण्यापुरती, पण त्या दिवशी मी उगाच विचारलं, की हे समोरचं शेत कोणाचं. "माझंच," तो म्हणाला, आणि एका बाईचं नाव घेऊन म्हणाला, की याला आम्ही तिचं शेत म्हणतो. ती कोण? त्याच्या आजोबांच्याही आधी इथे राहायची, एकटी, एक गाय होती तिच्याकडे. शेत तिच्या हातून केव्हाच गेलं, पुढचंमागचं कोणी उरलं नाही. "पण नाव आहे ते आहे," तो म्हणाला, "ते कशाला बदलायचं?" आणि पुन्हा छाटायला लागला. मला तिथे उभं राहवेना. मी त्याला बरं म्हटलं आणि घरी आले.

सोमवारी दुपारी, जेवायच्या सुट्टीत, मी दुभाष्याला फोन लावला. ऑफिसातली एक छोटी खोली रिकामी होती, तिथे दार लावून बसले. सगळं सांगायचं ठरवलं होतं. यादी मीच नष्ट केली, हे आठवून लिहिलेलं आहे, आणि सातवं नाव तू सांग. वाक्यं इंग्रजीत जुळवून ठेवली होती.

त्याने फोन उचलला तो ओरडतच. "थांब, थांब! ती माझ्याबरोबर आहे. तुझ्यासाठी चालत आली, काल निघाली होती."

मग तिचा आवाज आला. म्हातारा झाला होता, पण तोच. तिने पहिल्यांदा विचारलं, तुझ्याकडे कितवा महिना चालू आहे? मी माझ्या मोडक्यातोडक्या मुर्सीत म्हटलं, मला माहीत नाही. ती खूप हसली. म्हणाली, इथेही आता कोणालाच कळत नाही, नदी सांगायची थांबली. मग माझा नवरा कसा आहे, गुरं किती झाली, हे सगळं झालं. आणि मग ती म्हणाली, "वाच."

मला वाटलं आता सांगून टाकावं. पण ती दिवसभर चालून आली होती. तिच्या आजूबाजूला आणखीही माणसं होती, त्यांचे आवाज येत होते. मी कागद उघडला. पहिलं नाव वाचलं. तिकडे कोणीतरी हुंकार भरला. दुसरं वाचलं, पुन्हा हुंकार. तिसऱ्या नावाची बाई स्वतःच तिथे होती, ती काहीतरी बोलली आणि सगळे हसले. चौथं, पाचवं, सहावं.

सातव्या ओळीवर मी थांबले. मग म्हटलं, "आई."

ती हसली. दुभाष्याने फोन घेतला. "ती म्हणते, ही तर तू मारायचीस ती हाक झाली. कागदावर काय लिहिलंय ते वाच म्हणते."

कागद माझ्या हातात होता. एक शब्द बोलले असते तर त्याने नाव सांगितलं असतं आणि मी लिहून घेतलं असतं. बहुधा कोणी मला बोललंही नसतं. पण मग तिला कळलं असतं, की दोन वेळा वाचून घेतलेलं ते नाव मी राखलं नाही.

"आवाज येतोय ना?" त्याने विचारलं.

"येतोय," मी म्हटलं, आणि आठवं नाव वाचलं.