अंगभर पांढरं झालं तर शुद्ध

माझ्या आक्काला मागच्या जन्मीची चहाडखोर ठरवलं, तेही तिच्याच घरात, माझ्या मोबाइलवरून. याला बरेच महिने झाले. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कोल्हापुरात आमची माणसं बोटांवर मोजण्याइतकी. वडील पाटबंधारे खात्यात होते, बदली होऊन इथं आले आणि इथलेच झाले. इथं सिनेगॉग नाही. शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा आणि शनिवारी घरातल्या घरात प्रार्थना, एवढ्यावरच आमचा धर्म चालला. त्यामुळं आमच्याच समाजातला एक तरुण माणूस दर गुरुवारी मोबाइलवर मराठीतून वर्ग घेतो असं कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला. तोरेचे, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचे, वर्षभरात वाटून घेतलेले पाठ असतात, आठवड्याला एक. त्या आठवड्याचा पाठ तो कब्बालाच्या अंगानं, म्हणजे त्यातला आतला, गूढ अर्थ काढून सांगायचा. चांगलं सांगायचा, हे मला मान्य करावंच लागेल. मी शाळेत तीस वर्षं शिकवलंय, शिकवणं मला कळतं.

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. कॉलेजात जायच्या वयात तिच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग आला. कोड. मग बोटं, मग कोपर, मग मान. तिची सोयरीक ठरत आली होती. पाहुण्यांनी हात बघितले, चहा अर्धा ठेवला आणि उठले. पुढं माझं लग्न ठरलं, तेव्हा वडिलांनी तिला आठवडाभर आधी इचलकरंजीला ओळखीच्यांकडं ठेवलं. "धाकटीचं तरी नीट होऊ दे," म्हणाले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि एक शब्द बोलले नाही. ती चाळीस वर्षं ब्लाऊज शिवत राहिली. माझे मालक गेल्यावर मी तिच्याकडं राहायला आले.

त्या गुरुवारचा पाठ अंगावरच्या चट्ट्यांचा होता. आमच्या जुन्या मराठी भाषांतरात त्याला सरळ महारोग म्हटलंय. आक्का माझ्या शेजारी गवारी मोडत बसली होती. सर म्हणाले, हिब्रूत चट्ट्याला ‘नेगा’ म्हणतात आणि आनंदाला ‘ओनेग’. दोन्हींत तीच तीन अक्षरं. एकच अक्षर शेवटून उचलून पुढं आणलं की चट्ट्याचा आनंद होतो. त्या अक्षराचं नाव ‘आयिन’, म्हणजे डोळा. आक्काचे हात थांबले. "बघ की," ती हळूच म्हणाली, "एका अक्षराचा खेळ."

इथं थांबले असते तर मी त्यांना आयुष्यभर नमस्कार केला असता. पण ते पुढं गेले. म्हणाले, हा रोग जिभेच्या पापाचा आहे. चहाडी, निंदा. या जन्मी केली नसेल तर आत्मा मागच्या फेरीतलं घेऊन येतो, याला गिलगुल म्हणतात. "आजही कोणाच्या अंगावर पांढरे डाग दिसले, तर समजावं, या जिभेनं कधीतरी कोणाचं तरी घर मोडलंय."

आक्कानं गवारीची ताटली उचलली आणि ती आत गेली.

मी माइक चालू केला. म्हटलं, "सर, माझ्या बहिणीला कोड आहे. तिनं कोणाचं घर मोडलं ते सांगा. तिचं मात्र लोकांनी मोडलेलं मी डोळ्यांनी बघितलंय."

"ताई, मनाला लावून घेऊ नका. हे आत्म्याच्या पातळीवरचं बोलणं आहे."

"आत्म्याला ब्लाऊज शिवावे लागत नाहीत," मी म्हटलं. आणखीही बरंच म्हणाले असते, पण माझा आवाज बंद केला गेला. पडद्यावर तिसेक चेहरे होते. कोणी चष्मा पुसत होतं, कोणी पाणी पीत होतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची मैत्रीण आली. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली बुद्धाचा धर्म घेतला. मी तिला सगळं सांगितलं, पाठही वाचून दाखवला, की अशा माणसानं छावणीबाहेर एकटं राहावं. तिनं ऐकून घेतलं. "छावणीबाहेर म्हंजे गावकुसाबाहेरच की," ती म्हणाली. "आमास्नी बी मागच्या जन्माचंच सांगत हुते. आमी धर्म सोडला. तू निदान वर्ग तरी सोड." मग आक्काला म्हणाली, "कोडाला ना पाप लागतं ना पुण्य. कातडीतला रंग जातो, इतकंच." आक्का म्हणाली, "मला ठाऊक हाय. हिला सांग."

मी आठवडाभर तो पाठ पुनःपुन्हा वाचत बसले. कशात तरी सरांना पकडायचं होतं. वाचता वाचता दिसलं, की रोग का होतो हे त्या पानांवर कुठंच लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच, की याजकानं बघावं, सात दिवस थांबावं, पुन्हा बघावं. आणि एक ओळ अशी, की कातडी डोक्यापासून पायापर्यंत सगळी पांढरी झाली असेल, तर तो माणूस शुद्ध समजावा. मी आक्काकडं बघितलं. तिच्या अंगावर मूळ रंग आता फक्त कानामागं थोडा उरलाय. त्या ओळीवरून सर घसरून गेले होते. किंवा मुद्दाम गेले होते.

पुढच्या गुरुवारी मी भांडायच्या तयारीनं, पानात खूण घालून बसले. आक्का आली आणि तिनं मोबाइल स्वतःकडं वळवला.

"अगं, उजेड नीट येत नाही तिकडून," मी म्हटलं.

"वर्षभर तू हेच म्हणतीस. मी दिसू नये म्हणूनच तू फोन असा ठेवतीस की."

खरं होतं. तिसऱ्या कोणावर चिडणं सोपं असतं. त्या क्षणी मला माझाच इतका राग आला, की मी उठून खुर्ची तिला दिली.

सर आले. त्या आठवड्याच्या पाठात याजक छावणीबाहेर, चट्टे असलेल्या माणसापाशी जातो. आक्कानं माइक चालू केला. "सर, मी तीच. जिच्याबद्दल मागच्या खेपेला तुमी बोलला. त्या अक्षराचा अर्थ डोळा म्हणाला न्हवं? तर मला बघा. याजकाचं कामच त्ये हाय. जन्म मोजायचं काम त्याला दिल्यालं न्हाय."

सर खाली पुस्तकात बघायला लागले.

"पुस्तकात न्हवं. हिकडं," आक्का म्हणाली.

त्यांनी वर बघितलं. आक्काकडं बघितलं. मग म्हणाले, "पुढं जाऊया," आणि पुढं गेले.

सकाळी त्यांचा फोन आला. मी तो आक्काकडं दिला. ती वीस मिनिटं बोलत होती. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "चुकलं म्हणाला. मी म्हटलं, वर्गात बोलला न्हवं, मग वर्गातच सांगा." पुढच्या गुरुवारी त्यांनी सांगितलंही, त्यांच्या पद्धतीनं. "काही शब्द वेगळे वापरायला हवे होते." शब्द. मी त्याच मिनिटाला वर्गाच्या गटातून बाहेर पडले.

आक्का बाहेर पडली नाही. तिनं स्वतःचा मोबाइल घेतला. दर गुरुवारी समोर बसते आणि असे प्रश्न विचारते, की सरांना आधी वाचून यावं लागतं. मागच्या महिन्यात मी तिला म्हटलं, "त्या माणसासमोर तू बसतेस तरी कशी?"

ती सुईत दोरा ओवत होती. "तोरा त्याच्या बापाची हाय व्हय?"

माझं मन तेवढं मोठं नाही. गुरुवारी सात वाजले की मी पिशवी घेऊन भाजीला बाहेर पडते.